रविवारचा दीनी (धार्मिक) वर्ग : सांगली-सातारा भागात तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींसाठी

सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठल्याही मोहल्ल्यात जा, मकतबाची, म्हणजे लहान मुलांच्या धार्मिक शाळेची, रीत साधारण सारखीच. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, हातात येतो. मग नाजरा (बघून कुरआन वाचणं), सोबत कलमे, दुआ आणि नमाजची पद्धत. अकरा-बाराव्या वर्षी कुरआन खतम होतो, घरी मिठाई वाटली जाते आणि शिकणं तिथंच थांबतं. पुढे आठवी-नववी, शिकवणी आणि हातात फोन. ज्या वयात खरे प्रश्न पडू लागतात, नेमकं त्याच वयात दीन शिकवणारं माणूस आयुष्यातून निघून जातं. मग मूल फोनला विचारतं. फोन कधी ‘आज वेळ नाही’ म्हणत नाही आणि ‘असले प्रश्न विचारायचे नसतात’ असंही म्हणत नाही.

दुसरी अडचण भाषेची. मुलाची घरातली बोली दखनी, शाळा मराठी, मकतबातली अक्षरं अरबी आणि जुम्याचं बयान (शुक्रवारचं प्रवचन) उर्दूत. वाचता येतं ती भाषा कळत नाही, आणि ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत त्याच्याशी दीनाबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून या वर्गाचा पहिला नियम असा की बोलणं मराठीत किंवा दखनीत व्हावं. अरबी आयत अरबीतच वाचायची, अर्थ मात्र मराठीतून घ्यायचा. कुरआनचे मराठी अनुवाद सहज मिळतात. पंधरा मुलांमागे किमान पाच प्रती ठेवा, म्हणजे तिघांत एक येते. मुलांना फोनवरच्या ॲपमध्ये अर्थ वाचायला सांगितलं की दोन मिनिटांत कुठली तरी सूचना टिंग वाजते आणि लक्ष गेलं ते गेलं.

आधी जमातीशी बोलणी

वर्ग घरात किंवा भाड्याच्या खोलीत गुपचूप सुरू करू नका. मुतवल्ली (मशिदीचे व्यवस्थापक), ट्रस्टी किंवा गावच्या जमातीच्या, म्हणजे मुस्लिम समाजाच्या, पंचांपुढे एका पानाचा कागद ठेवा. वर्ग कधी, कुठे, कोण शिकवणार, कोण जबाबदार आणि किती दिवस, एवढंच त्यात हवं. मुदत बारा आठवड्यांची मागा. ‘कायमचा वर्ग’ म्हटलं की दहा शंका निघतात. ‘बारा रविवार करून बघू’ याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

त्याच कागदात एक वाक्य ठळक लिहा : या वर्गात मसलकाचे (पंथांचे) वाद शिकवले जाणार नाहीत. आपल्या भागात एकाच गल्लीत बरेलवी, देवबंदी, अहले हदीस अशी घरं शेजारी-शेजारी असतात. वर्ग कुठल्या बाजूचा याची कुजबुज सुरू झाली की तिसऱ्या आठवड्यात अर्धी मुलं घरी बसतात. इमामसाहेबांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. शिकवायला त्यांना वेळ नसेल तरी महिन्यातून एक रविवार त्यांचा ठेवा, आणि बाकी तीन रविवारी जमलेले मसल्याचे (धर्मनियमांचे) प्रश्न त्यांच्याकडे लिहून पाठवा. शिकवणारा आलिम (धर्मपंडित) नसेल, शाळेत शिक्षक असेल किंवा इंजिनिअर असेल, तर त्याने फतवा द्यायचा नाही. ही सीमा पाळली तर इमामसाहेबांचा विश्वास टिकतो.

जागा, वेळ, संख्या

रविवारी सकाळी १० ते ११.१५. संध्याकाळी मुलं मैदानावर असतात आणि मगरिबच्या आत मुलींना घरी पोचायचं असतं, त्यामुळे असर-मगरिबमधली (दुपारनंतरच्या आणि सूर्यास्ताच्या नमाजमधली) वेळ कागदावर छान दिसली तरी चालत नाही. एका शिकवणाऱ्यामागे बारा ते पंधरा मुलं पुरे. वीसच्या वर गेली की तो वर्ग राहत नाही, त्याचं बयान होतं.

मुलींबद्दल स्पष्ट लिहितो, कारण इथेच बहुतेक उपक्रम फसतात. आपल्याकडच्या बऱ्याच मशिदींत बायकांसाठी जागा नाही. मकतब सुटल्यावर मुलीला मशिदीची पायरी चढायला कारणच उरत नाही. ‘आधी मुलांचा वर्ग नीट बसू दे, मग मुलींचं बघू’ असं ठरलं की ते ‘मग’ कधी येत नाही. दोन्ही वर्ग एकाच रविवारी सुरू करा. मशिदीत सोय नसेल तर शादीखाना, शाळेचा वर्ग किंवा समाजमंदिर बघा. जागा निवडताना तीन गोष्टी पाहा : कडी लागणारं स्वच्छ शौचालय, रस्त्यावरून सरळ दिसणारा दरवाजा आणि मुलींना एकटीने येता येईल असा रस्ता. शिकवायला बाईच, म्हणजे आपा किंवा बाजी, हवी. पाकी-नापाकी, पाळीतले सुटलेले रोजे, हिजाब आणि कॉलेज हे प्रश्न मुली पुरुषासमोर काढत नाहीत, आणि काढू शकत नाहीत म्हणून इंटरनेटवर जातात. मिरजेपासून कर्नाटकची हद्द जवळ. २०२२ मध्ये तिथे कॉलेजातल्या हिजाबबंदीवरून जे घडलं ते इकडच्या मुलींनी फोनवर रोज पाहिलं. उच्च न्यायालयाचा निकाल त्या वर्षीच्या १५ मार्चला आला, आणि १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली. यावर मुलींना बोलायचं असतं. त्यांना आधी बोलू द्यावं, आपलं मत नंतर.

वेळापत्रक आखताना चांद्र वर्ष लक्षात ठेवा. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो, आणि सध्या तो दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आला आहे. वर्ग जूनमध्ये शाळेबरोबर किंवा दिवाळीच्या सुटीनंतर लगेच सुरू करा. ‘पेपरच्या दिवशी रोजा’ हा प्रश्न जानेवारीतच इमामसाहेबांकडून सोडवून घ्या. आदल्या रात्री विचारायची वेळ मुलावर येऊ नये.

पहिले दोन रविवार शिकवू नका

फक्त ऐका. बुटाचा रिकामा खोका घ्या, झाकणाला फट पाडा. प्रत्येकाला सारख्याच आकाराच्या तीन कोऱ्या चिठ्ठ्या आणि एकाच रंगाचं पेन द्या. नाव लिहायचं नाही. पहिल्या चिठ्ठीवर दीनाबद्दलचा असा प्रश्न, जो घरी विचारता येत नाही. दुसरीवर गेल्या आठवड्यात फोनवर पाहिलेली दीनाबद्दलची एखादी गोष्ट, जिने राग आला, भीती वाटली किंवा गोंधळ झाला. तिसरीवर शाळेत किंवा मित्रांत मुसलमान म्हणून ऐकावं लागलेलं वाक्य.

सगळ्यांनी लिहीपर्यंत कुणाचीच चिठ्ठी उचलू नका. ज्याला लिहायचं नाही त्यानेही कोरी चिठ्ठी घडी करून टाकायची, नाहीतर कोण लिहितंय ते लगेच कळतं. चिठ्ठ्या तिथे वाचू नका, घरी नेऊन वेगळ्या वहीत उतरवा आणि मूळ चिठ्ठ्या फाडून टाका. हस्ताक्षर ओळखू येतं आणि ‘कुणी लिहिलंय ते मला माहितेय’ असं एकदा कुणाच्या तोंडून निघालं की खोका कायमचा रिकामा राहतो.

खोक्यात साधारण काय येतं? ‘संगीत हराम असेल तर आमचा धंदाही हराम का?’ ‘मित्राच्या घरचा प्रसाद खाल्ला तर?’ ‘आजी दर्ग्याला नवस बोलते, ते शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला मानणं) आहे असं व्हिडिओत सांगतात, मग आजी जहन्नममध्ये (नरकात) जाणार?’ ‘पाकिस्तानला जा म्हणतात त्यांना काय सांगू?’ ‘एक मुलगी आवडते.’ ‘नमाजमध्ये मन लागत नाही.’ ‘अल्लाह ऐकतो तर माझं का ऐकत नाही?’ हेच पुढच्या दहा आठवड्यांचं पुस्तक. छापील अभ्यासक्रम आणून ठेवलात तरी तो या वहीनंतरच उघडा.

पंचाहत्तर मिनिटं कशी वाटायची

पहिली दहा मिनिटं तिलावत (कुरआन पठण) आणि मराठी अर्थ, पाच-सहा आयतींच्या वर नाही. पुढची वीस मिनिटं एक किस्सा किंवा हदीस (प्रेषितांचं वचन वा प्रसंग), संदर्भासह. पंचवीस मिनिटं वहीतला एक प्रश्न, एकच. पंधरा मिनिटं फोनचा सराव, त्याबद्दल खाली. शेवटची पाच चहा-बिस्किटांची, आणि ती कापू नका. बरीच मुलं मनातलं बोलतात ती याच वेळी, उभ्या-उभ्या.

फोन एरवी दारातल्या टोपलीत. शिकवणाऱ्याचाही.

प्रश्नाला उत्तर देण्याची पद्धत

मुसनद अहमद या हदीससंग्रहात अबू उमामा (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग आहे. एका तरुणाने प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे थेट व्यभिचाराची परवानगी मागितली. आजूबाजूचे लोक त्याच्या अंगावर गेले. प्रेषितांनी त्याला जवळ बसवलं आणि विचारलं, तुझ्या आईच्या बाबतीत हे तुला चालेल का? मुलीच्या, बहिणीच्या, आत्याच्या, मावशीच्या? तो प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग त्याच्यावर हात ठेवून त्यांनी त्याच्यासाठी दुआ केली. शिकवणाऱ्यांनी हा प्रसंग वर्ग सुरू होण्याआधी आपसात वाचावा. यापेक्षा कठीण प्रश्न तुमच्या खोक्यात येणार नाही.

प्रश्न आला की आधी तो मोठ्याने, जसाच्या तसा वाचा. ‘कुणी विचारलंय?’ असं विचारू नका. मग फळ्यावर तीन कप्पे आखा : दीनाचा पाया, इमामांतला मतभेद, आपल्या भागातला रिवाज. हा प्रश्न कुठल्या कप्प्यात जातो ते मुलांना ठरवू द्या. मुलांची निम्मी भांडणं कप्पे एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

नमाजचं उदाहरण घ्या. आपल्या देशावरची, म्हणजे घाटावरची, बहुतेक घरं हनफी : हात नाभीखाली, पहिल्या तकबीरनंतर पुन्हा हात उचलायचे नाहीत, आमीन हळू आवाजात. कोकणातली मुस्लिम घरं शाफई : रुकूच्या वेळी हात उचलतात, सामूहिक नमाजमध्ये आमीन मोठ्याने म्हणतात. मुलगा व्हिडिओ बघतो, ‘तुमची नमाज चुकीची आहे’ असं ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी मशिदीत वडिलांशी वाद घालतो. त्याला हनफी, शाफई, मालिकी, हंबली हे चार मार्ग फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखवा. चौघांकडे आपापली दलील आहे आणि चौघं एकमेकांच्या मागे नमाज पढत आले आहेत हे कळलं की वाद निवळतो. हा प्रश्न दुसऱ्या कप्प्यातला, पहिल्या नाही.

आता मिरजेचा प्रश्न, जो जास्त दुखतो. सतार-तंबोऱ्याचा कारागीर म्हणून ज्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे, त्या शिकलगारांच्या घरातलं मूल रीलमध्ये ऐकतं की वाद्य हराम. घरात कडू भोपळे टांगलेले, आजोबा तुणीच्या लाकडावर काम करताहेत, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून गावाने कौतुक केलं, आणि हा मुलगा गप्प-गप्प. इथे थाप मारू नका. खरं सांगा : बऱ्याच फकीहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) वाद्यांना मनाई केली आहे. पण जुन्या विद्वानांपैकी इब्न हज्म यांनी मनाईच्या हदीस सहीह (खात्रीच्या) नाहीत असं मत मांडलं, गजाली यांनी काही अटींवर समा (भक्तिसंगीत ऐकणं) मान्य केला आणि चिश्ती सूफींनी समा जपला. गायक उस्ताद अब्दुल करीम खान यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी संगीत सभा होते. मुलाने त्यातलं कुठलं मत धरायचं हे वर्गाने ठरवायचं नाही. आजोबांचं हातकाम कुजबुजीचा विषय नाही आणि यावर आलिमांशी अदबीने बोलता येतं, एवढं त्याला कळावं.

तिसरा कप्पा, रिवाजाचा, आपल्या भागात फार भरलेला आहे. गावोगाव मोहरममध्ये पीर बसतात, पंजे निघतात आणि त्यात हिंदू घरांचाही मान असतो. कडेगावच्या उंच ताबुतांच्या भेटी बघायला लोक लांबून येतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. मुलगा विचारतो, हे इस्लाममध्ये बसतं का? प्रामाणिक उत्तर असं की ताबूत हा नमाज-रोजासारखा दीनाचा रुक्न (आधारस्तंभ) नाही, बरेच आलिम त्यावर आक्षेप घेतात, काही घराणी तो प्रेषितांचे नातू हुसैन (रजि.) यांच्या प्रेमापोटी जपतात आणि गावाने तो एकोप्याची खूण म्हणून सांभाळला आहे. हे चारही मुद्दे फळ्यावर राहू द्या. ज्याला जायचं नाही त्याने जाऊ नये. पण मिरवणुकीतल्या आजोबांना तोंडावर ‘बिदअती’ (दीनात नवं घुसवणारा) म्हणणं हा अदब नाही, हे तितक्याच ठामपणे सांगा. आजीच्या नवसाचा प्रश्नही असाच. कुणाला जहन्नमी ठरवायचा अधिकार पंधरा वर्षांच्या मुलाला नाही, व्हिडिओ करणाऱ्यालाही नाही.

दीन आणि शेजार यांचा मेळ कसा बसतो याचं मुलांच्या आठवणीतलं उदाहरण २०२३ चं आहे. त्या वर्षी २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करता पुढच्या दिवसांत केली. मुलांना विचारा, यात दीन सोडला का? मग हिशोब मांडा : हनफी मतानुसार कुर्बानीचे दिवस तीन, जिलहिज्जा महिन्याची १०, ११ आणि १२ तारीख. नमाज ईदच्या दिवशीच झाली, कुर्बानी शरियतने दिलेल्या मुदतीत झाली आणि वारकऱ्यांचा उपवासाचा दिवस राखला गेला. मसला नीट माहीत असेल तरच अशी वाट दिसते. अर्धवट माहिती असलेला ‘ईदलाच करायची’ म्हणून अडून बसतो किंवा ‘राहू दे कुर्बानी’ म्हणून मोकळा होतो.

प्रसादाच्या प्रश्नावर मसला इमामसाहेबांना सांगू द्या. पण नाही म्हणायचं कसं याचा सराव वर्गात घ्या. दोन मुलांना समोरासमोर उभं करा. ‘नक्को, हमारे में चलता नै’ असं तोंड फिरवून म्हणणं आणि ‘काकू, आमच्यात चालत नाही, रागावू नका, पाणी देता का?’ असं म्हणणं, यातला फरक मुलांना करून बघितल्यावरच कळतो.

उत्तर माहीत नसेल तर ‘पुढच्या रविवारी सांगतो’ म्हणा आणि प्रश्नापुढे तारीख घाला. पुढच्या रविवारची सुरुवात त्याच प्रश्नाने करा. एकदा विसरलात तर मुलं समजून घेतात, दोनदा विसरलात तर प्रश्न परत फोनकडे जातो.

फोनचा सराव : एक क्लिप, पंधरा मिनिटं

दर आठवड्याला एक क्लिप किंवा फॉरवर्ड घ्या, जो मुलांनीच पाठवलेला असेल. कुरआनातल्या सूरह (अध्याय) हुजुरातची सहावी आयत फळ्याच्या डोक्यावर लिहा. अर्थ असा की कुणी बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाचं नुकसान कराल आणि पस्तावाल. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेतली हदीसही सांगा : ऐकलेलं सगळं पुढे सांगत सुटणं, एवढं माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे. शहानिशा हा दीनाचाच हुकूम आहे हे मुलांना कळलं की ती मनापासून करतात.

मग या क्रमाने जा. बोलणारा कोण, त्याचं शिक्षण कुठे झालं आणि ही मूळ तासाभराच्या भाषणातली तीस सेकंदं आहेत का? आयत असेल तर सूरह आणि आयतीचा क्रमांक, हदीस असेल तर किताबाचं नाव आणि क्रमांक. नुसतं ‘हदीस में आता है’ असेल तर तिथेच थांबा. आयतीच्या मागच्या तीन आणि पुढच्या तीन आयती मराठीत वाचा. हदीसचा दर्जा बघा : सहीह, हसन (चांगली), जईफ (कमकुवत) की मौजू, म्हणजे रचलेली. आणि शेवटचं : हे बघून माझ्या मनात राग कुणाबद्दल आला आणि तो आणून कुणाचा फायदा झाला?

सुरुवात सोप्या क्लिपने करा. रमजान जवळ आला की दरवर्षी एक मेसेज फिरतो : जो सर्वात आधी रमजानची खबर देईल त्याच्यावर जहन्नमची आग हराम. मुलांना किताब शोधायला लावा. सापडत नाही, कारण याला आधारच नाही. पुढच्या आठवड्यात ‘इल्म (ज्ञान) शोधायला चीनला जावं लागलं तरी जा’. बयानात कायम ऐकलेलं वाक्य, पण मुहद्दिसांनी (हदीस पारखणाऱ्या विद्वानांनी) ही रिवायत (सांगितली गेलेली हदीस) जईफ आणि काहींनी मौजू ठरवली आहे. इल्मची महती सांगणारी सहीह वचनं भरपूर आहेत, रचलेलीची गरजच नाही. ‘वतनपरस्ती ईमानाचा हिस्सा’ या वाक्याचंही तेच. ते हदीस म्हणून साबित नाही. पण मक्का सोडताना प्रेषित (सल्ल.) त्या शहराकडे पाहून म्हणाले की तू मला किती प्रिय आहेस, हे तिर्मिजीच्या हदीससंग्रहात आहे. ‘पाकिस्तानला जा’ ऐकणाऱ्या मुलाला यातून जे मिळतं ते कुठल्याही सडेतोड कॉमेंटपेक्षा मोठं आहे.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात अवघड क्लिप घ्या. सूरह तौबाची पाचवी आयत, ‘मुश्रिकांना (अनेक देव मानणाऱ्यांना) जिथे सापडतील तिथे मारा’ एवढीच कापून फिरवली जाते. इस्लामचा द्वेष करणारे ती फिरवतात, आणि कडवे उपदेशकही. मुलांना अनुवाद द्या, चौथी आणि सहावी आयत त्यांनाच मोठ्याने वाचू द्या. चौथीत, ज्या मुश्रिकांनी करार पाळला त्यांच्याशी मुदतीपर्यंत करार पाळा असं आहे. सहावीत, त्यांच्यातल्या कुणी आश्रय मागितला तर आश्रय द्या आणि त्याला सुरक्षित ठिकाणी पोचवा असं आहे. करार मोडून लढणाऱ्यांबद्दलचा हा मजकूर आहे. शाळेत कुणी हा फॉरवर्ड दाखवला तर मुलाच्या हातात आता शिवी नसते, आयतीचे क्रमांक असतात.

स्टेटस, पासवर्ड आणि गावाची शांतता

हा भाग घाईत उरकू नका, एक पूर्ण रविवार द्या. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव जमला, मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापूर स्टेटसवरून पेटलं. म्हणजे चोवीस तासांनी आपोआप पुसलं जाणारं स्टेटस गावाला वर्षानुवर्षं पुरतं.

वर्गातच प्रत्येकाकडून करून घ्या. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये खाते, तिथे दोन टप्प्यांची पडताळणी, सहा आकडी पिन. पिन जन्मतारीख किंवा मोबाईलचे शेवटचे आकडे नसावा. ‘जोडलेली उपकरणं’ उघडून बघा, अनोळखी संगणक दिसला तर लगेच बाहेर काढा. नेट कॅफेत किंवा मित्राच्या फोनवर इन्स्टाग्राम उघडून तसंच सोडणं, ही या वयातली सगळ्यात नेहमीची चूक. मग त्या नावाने कुणीही काहीही टाकतं आणि पोलीस येतात ते नाव असलेल्याच्या घरी. खातं हाताबाहेर गेलं असं वाटलं तर तासाभरात तीन गोष्टी : आईवडिलांना सांगा, ओळखीच्या सगळ्यांना ‘हे मी टाकलेलं नाही’ असा संदेश दुसऱ्याच्या फोनवरून पाठवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा.

कायदा थोडक्यात पण नेमका सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १९६ गटागटांत तेढ पसरवण्याबद्दल आहे, तर कलम २९९ धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दल. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण ठाण्याच्या चकरा आणि वाया गेलेलं शैक्षणिक वर्ष घराला भोगावंच लागतं.

आणि आपल्या धर्माचा अपमान करणारी पोस्ट दिसली तर? ‘बघा याने काय टाकलंय’ म्हणत पुढे पाठवणारा ती पोस्ट स्वतःच गावभर पोचवतो. स्क्रीनशॉट आणि लिंक जपायची, वर्गातल्या किंवा जमातीतल्या ठरलेल्या दोन मोठ्या माणसांकडे द्यायची, तक्रार त्यांनी करायची. मुलाने गर्दीत जायचं नाही, कॉमेंटही टाकायची नाही. गर्दी जमायला लागली तर ११२. उलट बाजूही तितकीच पक्की. सूरह अन्‌आमच्या १०८ व्या आयतीत, लोक अल्लाहशिवाय ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका, असं स्पष्ट आहे. ‘त्याने आधी सुरू केलं’ हे उत्तर या आयतीपुढे टिकत नाही.

फोनमधली अनोळखी माणसं

मुलगा घरात अचानक गप्प झाला, गाणी-मित्र-क्रिकेट एकदम सुटलं, नमाज वाढली, अशा वेळी लगेच शंका घेऊ नका. या वयात मन दीनाकडे वळणं ही आनंदाची गोष्ट आहे. काळजीची खूण वेगळी असते : समोरचा माणूस ‘हे घरी सांगू नको’ म्हणतो, तुमचे इमाम विकले गेलेत म्हणतो, एका ॲपवरून दुसऱ्या गुप्त ॲपवर यायला सांगतो, पैसे पाठवतो किंवा मागतो, फोटो मागतो. प्रेमाचं नाटक करून मुलींकडून फोटो मिळवणाऱ्यांची रीतही हीच. मुलांना एकच कसोटी द्या. दीन शिकवणारा लपवायला सांगत नाही. आणि हे सांगायला आलेल्या मुलाचा फोन हिसकावू नका, नाहीतर दुसरं मूल येणारच नाही.

वर्गाची स्वतःची शिस्त

मुलासोबत बंद खोलीत एकटं मोठं माणूस कधीच नाही. प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं, दार उघडं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहील, ॲडमिन दोन असतील आणि मुलींच्या ग्रुपवर दोन्ही बायकाच. शिकवणाऱ्याने मुलाला खासगी मेसेज करायचा नाही, मुलाने केला तर उत्तरात पालकाला जोडायचं. मुलांचे फोटो टाकायचे नाहीत, बक्षीस समारंभाचेही नाहीत.

एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल सांगितलं तर ‘जमातीतच मिटवू’ हा पर्याय नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती मिळालेल्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग आरोपी कितीही मानाचा असो. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, मन खचलेल्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम राहू द्या. जीव द्यावासा वाटतो असं मूल बोललं तर दुआ कराच, पण त्याच दिवशी घरच्यांना सोबत घेऊन डॉक्टरकडे न्या. ‘ईमान कमजोर आहे’ हे वाक्य तिथे उच्चारू नका.

पालकांची बैठक

महिन्यातून एकदा, वर्गानंतर वीस मिनिटं. मुलाने कुठला प्रश्न विचारला हे सांगायचं नाही, कुठल्या विषयावर वर्ग झाला तेवढं सांगायचं. आयांना वेगळी वेळ द्या, नाहीतर फक्त वडील बोलतात. फोनबद्दल मागणी छोटी ठेवा : रात्री दहाला सगळ्यांचे फोन, अब्बांचाही, बैठकीतल्या एकाच जागी चार्जिंगला. इन्स्टाग्रामवर अठराच्या आतल्यांसाठी किशोर खातं असतं. ते मुळातच खासगी असतं, तासाभरानंतर थांबायची आठवण देतं आणि रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद ठेवतं. पण मुलाने जन्मसाल खोटं टाकलं असेल तर यातलं काही लागू होत नाही, म्हणून आधी जन्मसाल तपासा.

बाराव्या रविवारी काय मोजायचं

किती सूरह पाठ झाल्या हे मकतबाचं माप. इथे वही उघडा. खोक्यात एकूण किती प्रश्न आले, कितींना उत्तर दिलं, किती अजून तारखेविना आहेत? वहीत उतरवलेले पहिल्या महिन्यातले आणि शेवटच्या महिन्यातले प्रश्न शेजारी ठेवा. सुरुवातीचे प्रश्न बहुधा ‘हे हराम का, ते हराम का’ असे असतात. हळूहळू ‘हे अमक्या सूरहमध्ये आहे, मग तमक्या मौलानांनी असं का सांगितलं?’ असे होत गेले तर वर्ग नीट चालला. मुलींची हजेरी वेगळी मोजा आणि कमी असेल तर कारण मुलींच्या आयांना विचारा. उत्तर बहुतेक वेळा रस्ता, वेळ किंवा शौचालय यांतलंच एक असतं आणि ते महिन्याभरात दुरुस्त होतं.

मग जमातीकडे पुन्हा जा, बारा आठवड्यांची वही दाखवा आणि पुढच्या बारा रविवारांची परवानगी मागा. या वेळी सोबत दहावीतली दोन मुलं आणि दोन मुली न्या. बोलणं त्यांनाच करू द्या.